सीट उचलून बॅटरी पाहिल्याशिवाय इलेक्ट्रिक फोर्कलिफ्टचे पैसे देऊ नका

अंबड एमआयडीसीत आमचं लहानसं मशीन शॉप आहे. जॉबने भरलेल्या बिन उचलायला भाड्याचा डिझेल फोर्कलिफ्ट यायचा. पावसाळ्यात शटर खाली ओढलं की शेडमध्ये धूर कोंडायचा, पोरं खोकून बेजार व्हायची. म्हणून वापरलेला, दीड टनी इलेक्ट्रिक घ्यायचं ठरवलं.

मुंबई-आग्रा हायवेजवळच्या एका जुन्या मशिनरीवाल्याकडे एक मिळाला. सव्वाचार लाख, ‘बॅटरी एकदम नवी’. रंग ताजा, अवरमीटरवर जेमतेम दोन हजार तास. त्याने माझ्यासमोर एक टनाचं पॅलेट उचललं, गाडी दोनदा पुढे-मागे फिरवली. सगळं मिळून दहा मिनिटं.

आमचे ऑपरेटर काका सोबत होते. ते म्हणाले, “शेठ, सीट उचलून बॅटरी बघू.” विक्रेता लगेच म्हणाला, सील तोडलं तर वॉरंटी जाईल. आणि मी काकांनाच गप्प केलं. याचं मला आजही वाईट वाटतं.

आठवडाभरात गाडी पाऊण तासात मान टाकायला लागली. फोन केला की उत्तर ठरलेलं: नवी बॅटरी आहे, सेट व्हायला वेळ लागतो. मग एका दुपारी काका चौदाशे किलोची बिन घेऊन येत होते. समोर माणूस आला, त्यांनी ब्रेक दाबला आणि मागची चाकं जमिनीवरून उचलली गेली. बिन पुढे आपटली. तो माणूस दोन हातांवरून वाचला. काका अर्धा तास पाण्याचा ग्लास हातात धरून बसले होते, ग्लास थरथरत होता.

त्याच संध्याकाळी सील तोडलं. आत घरच्या इन्व्हर्टरच्या चार बॅटऱ्या, प्रत्येकी 12 व्होल्टच्या, एकापुढे एक जोडलेल्या. 48 व्होल्ट भरतात, त्यामुळे गाडी चालते आणि डेमोही छान होतो. अशा गाडीची खरी ट्रॅक्शन बॅटरी, म्हणजे गाडी ओढायची बॅटरी, वेगळी: 2 व्होल्टचे 24 सेल लोखंडी ट्रेमध्ये बसवलेले असतात. पुढे उचललेल्या मालाला मागून तोलून धरण्यात तिच्या वजनाचाही वाटा असतो. आमच्या गाडीवरच्या माहितीच्या प्लेटवर बॅटरीचं किमान वजन 700 किलो कोरलेलं होतं. त्या चौघी मिळून अडीचशेसुद्धा भरत नव्हत्या. म्हणजे साडेचारशे किलोचा तोल काढून घेऊन ती गाडी माझ्या माणसाच्या हातात दिली होती! पैसे गेल्यापेक्षा मला याची जास्त चीड आहे.

बिल काढून पाहिलं तर ‘वापरलेला फोर्कलिफ्ट एक नग, आहे त्या स्थितीत’. बॅटरीचा शब्दही नाही. वकिलांनी सांगितलं की धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला ग्राहक आयोगात सहसा दाद मिळत नाही, दिवाणी दावा लावावा लागेल. नोटीस पाठवली आहे, उत्तर आलेलं नाही.

तुम्ही घेणार असाल तर सीट उचलायला लावाच. नाही म्हणाला तर तिथूनच परत फिरा. सेल मोजा, त्यावरची तारीख वाचा. पूर्ण चार्ज झाल्यावर हायड्रोमीटर (आतल्या ॲसिडची घनता मोजायची नळी) घालून प्रत्येक सेल तपासा. आकडा 1.280 च्या आसपास हवा, आणि एखादाच सेल फार खाली असेल तर तो बाकीच्यांनाही ओढतो. डेमो दहा मिनिटांचा नको, तुमच्या वजनाने निदान दोन-तीन तास चालवून घ्या. अवरमीटर बदलता येतो, पण माल उचलणाऱ्या दोन काट्यांची टाच, म्हणजे वाकलेला कोपरा, झिजलेली लपत नाही. मूळ जाडीच्या दहा टक्के झीज झाली असेल तर तो काटा बादच. बिलावर बॅटरीचे व्होल्ट, अँपिअर-अवर (क्षमता), सेलचे नंबर लिहून घ्या. चार्जरही त्याच बॅटरीचा आहे ना, ते विचारा.

आणि पैसे देण्याआधी गाडी वजनकाट्यावर न्या. प्लेटवरचं गाडीचं वजन बॅटरीसकट आहे की बॅटरीशिवाय ते बघा, बॅटरीशिवाय असेल तर बॅटरीचं किमान वजन त्यात मिळवा. दोनशे-तीनशे रुपयांत माझं सगळं वाचलं असतं.

पावणेदोन लाख घालून आम्ही योग्य ट्रॅक्शन बॅटरी बसवली. बसवल्यावर गाडी वजनकाट्यावर नेली, तेव्हा पावती मी काकांच्या हातात दिली. त्यांनी ती प्लेटशेजारी धरून आकडा दोनदा वाचला आणि मगच चावी घेतली.