गच्चीवरचं हवामान यंत्र : वळवाच्या अख्ख्या हंगामानंतर

फेब्रुवारीत घेतलं, आता मृग संपत आलाय. म्हणजे अश्विनीपासून रोहिणीपर्यंतचा सगळा वळीव या यंत्रानं अनुभवला. विकत घ्यायच्या आधी मी जे अनुभव वाचले ते बहुतेक बॉक्स फोडल्याच्या आठवड्यातले होते : स्क्रीन छान आहे, पॅकिंग छान आहे, पाच स्टार. बेळगावच्या उन्हात आणि वाऱ्यात तीन-चार महिने राहिल्यावर त्याचं काय होतं हे कुणी लिहिलेलं दिसलं नाही, म्हणून हे सविस्तर.

आधीच सांगून टाकतो. नोंदी ठेवायची हौस असेल तर जरूर घ्या. पण ‘वादळ यायच्या आधी कळेल’ म्हणून घेत असाल तर थांबा, पूर्ण वाचा. गच्चीवरच्या यंत्राला गच्चीवरचंच कळतं. आमच्याकडचा वळीव येतो पूर्वेकडून, आणि तो निघाल्याची बातमी आधी पूर्वेकडच्या माणसांनाच असते.

यंत्र साधंच आहे. एका खांबावर तापमान, आर्द्रता, पाऊस, वाऱ्याचा वेग आणि दिशा. घरात एक स्क्रीन, हवेचा दाब मोजणारा भाग तिच्यातच. वायफायवरून आकडे मोबाईलला जातात. विजेचा सेन्सर वेगळा घ्यावा लागतो, तोही घेतला. सगळं मिळून पंधरा हजारांच्या आत बसलं. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही. एकाच घाटणीचा माल चार-पाच नावांनी विकला जातो, त्यामुळं माझा अनुभव तुमच्याही यंत्राला लागू पडण्याची शक्यता बरीच.

पहिली गोष्ट जागा. आमचं घर येळ्ळूरच्या बाजूला, आरसीसी स्लॅबचं. कठड्याला लावून ठेवलं तेव्हा दुपारचं तापमान पेपरात येणाऱ्या आकड्यापेक्षा दोन-तीन अंशांनी जास्त दाखवायचं. तापलेला स्लॅब खालून भाजतो, त्यात यंत्राचा काही दोष नाही. वेल्डरकडून उंच पाईप करून घेतला, तेव्हा आकडे माणसात आले. वारा मोजायचा तर शास्त्राप्रमाणं दहा मीटर उंची आणि आजूबाजूला मोकळं मैदान हवं. घरगुती माणसाला ते कुठलं जमायला! आमच्या पश्चिमेला शेजाऱ्यांचा माड आहे, त्यामुळं संध्याकाळचा घाटाकडचा वारा कमीच मोजला जातो. पूर्व मोकळी आहे आणि वळवाला तीच लागते, म्हणून तक्रार नाही.

आता दाबाचं सांगतो, कारण नवीन माणूस हमखास इथं फसतो. स्क्रीनवर सूर्य, ढग, पाऊस अशी चित्रं येतात. दाब उतरला की पाऊस, चढला की ऊन, एवढ्यावर ती बदलतात. हे गणित थंड देशांसाठी ठीक आहे, तिथं मोठमोठ्या हवेच्या लाटा येतात आणि दाब दिवसेंदिवस चढउतार करतो. आपल्या उष्ण कटिबंधात दाब रोज ठरल्या वेळी हलतो : सकाळी दहाच्या सुमारास सर्वांत वर, दुपारी चारच्या सुमारास तळाला, रात्री दहाला पुन्हा वर, पहाटे चारला पुन्हा खाली. उन्हानं वातावरण तापतं आणि दाबाची ही लाट रोज पृथ्वीभोवती फिरते. सकाळचा चढ ते दुपारचा उतार हा फरक सहज तीन हेक्टोपास्कल (हे दाब मोजायचं एकक) भरतो. त्यामुळं माझ्या स्क्रीनवर मार्चभर रोज दुपारी पाऊस ‘येत’ होता. बायकोनं पापड वाळत घालताना त्या चित्राकडं बघणंच सोडून दिलं, आणि तेच बरोबर होतं. आणखी एक, आपलं बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंचीवर आहे, त्यामुळं खरा दाब ९२५-९३०च्या आसपास दिसतो. समुद्रसपाटीला आणून दाखवायची सेटिंग वेगळी असते, ती आधी करून घ्या.

मग वळवाची चाहूल कुठल्या आकड्यात दिसते? दवबिंदूत. आर्द्रतेची टक्केवारी तापमानाबरोबर सारखी बदलते, तिचा उपयोग कमी. दवबिंदू म्हणजे हवा किती गार केली तर तिच्यातलं पाणी सुटायला लागेल ते तापमान. हवेत प्रत्यक्षात पाणी किती आहे ते त्यावरून कळतं. मार्चच्या कोरड्या दुपारी तो दहा-बाराच्या घरात असायचा. संध्याकाळी समुद्रावरचा वारा चोर्ला आणि आंबोलीच्या बाजूनं घाट चढून आला की सतरा-अठरावर जायचा. एप्रिलच्या उत्तरार्धात तो दुपारीच अठराच्या वर टिकायला लागला, आणि त्यानंतरच पूर्वेला ढगांचे मनोरे उठताना दिसू लागले. आकडा चढला म्हणजे पाऊस पडेलच असं नाही. पण आकडा खाली असताना आभाळ कितीही भरलं तरी आमच्या पदरात बहुतेक वेळा वावटळ, धूळ आणि चार टपोरे थेंब एवढंच पडलं.

मे महिन्यातली एक संध्याकाळ सांगतो, यंत्राचे पैसे मला तिथं वसूल झाले. पावणेपाच. तापमान ३६, दवबिंदू १९, वारा पश्चिमेचा, अगदी मंद. पूर्वेला हलग्याच्या पलीकडं काळंभोर, वर ऐरणीसारखा पसरलेला माथा. मी स्क्रीनसमोर चहा घेऊन बसलो. आधी वारा पूर्ण थांबला, वेगाच्या जागी शून्य. मग दिशेचा काटा पश्चिमेवरून एकदम पूर्वेवर गेला आणि तिथंच राहिला. दाब, जो त्या वेळी तळाला असायला हवा, तो दीड-दोन हेक्टोपास्कलनं वर उडाला. तापमान ३४, ३१, २८ असं बघता बघता २५ वर आलं. झोत ताशी बावन्न किलोमीटरचा. खाली अंगणातली बादली गडगडत गेली आणि ओल्या मातीचा वास आला, पाऊस मात्र अजून एक थेंब नाही. तो पुढं दहा मिनिटांनी आला.

हा गार वारा म्हणजे ढगातून खाली कोसळलेली हवा. पडता पडता पावसाचं पाणी वाळतं, त्यानं हवा गार आणि जड होते, खाली आदळते आणि चारी बाजूंना पसरते. पावसाच्या पुढं धावणारा तो वारा यंत्र अचूक टिपतं. दाबातली ती उसळी आलेखात बघितली की पुन्हा विसरत नाही. पण हिशेब बघा : इशारा मिळाला दहा-पंधरा मिनिटांचा. दोरीवरचे कपडे काढायला पुरेसा, वीटभट्टी झाकायला नाही.

आणि वीटभट्टी हाच आमच्याकडं खरा प्रश्न. कच्च्या विटा उन्हात मांडलेल्या असतात. वळीव आला की ताडपत्री ओढेपर्यंत निम्म्यांचा चिखल. यंत्र लावल्याची बातमी गावात पसरल्यापासून भट्टीवाल्या अण्णांचा फोन ठरलेला : “काय ओ सर, आज झाकू काय?” झाकायचं म्हणजे मजुरी गेली, वाळवण थांबलं. न झाकता पाऊस आला तर मालच गेला. त्यांना किमान तासाभराचा अवधी हवा. तो माझ्या गच्चीवर मिळत नाही.

तो मिळतो बैलहोंगलला. येळ्ळूरपासून सरळ रेषेत साधारण चाळीस किलोमीटर, जवळजवळ ऐन पूर्वेला. वळवाचे ढग ताशी पंचवीस-तीस किलोमीटरनं सरकले तर तिथून इथं यायला सव्वा ते दीड तास. तिथं आमचे दाजी राहतात. त्यांचा फोन आला आणि त्यांनी “मळी बंतु” (पाऊस आला) एवढंच कन्नडमध्ये म्हटलं की मी अण्णांना कळवतो. अर्थात बैलहोंगलला पडलेला प्रत्येक ढग इथवर पोचत नाही. वाटेतच रिकामा होतो, नाहीतर त्याच्या गार वाऱ्यानं शेजारी दुसराच ढग उठतो आणि तो खानापूरकडं जातो. तरी गच्चीवरच्या कुठल्याही सेन्सरपेक्षा दाजींचा हिशेब जास्त वेळा जुळला.

दाजी फोन उचलत नसतील तर ‘दामिनी’. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं हे ॲप फुकट आहे. देशभर बसवलेल्या सेन्सरवरून नुकत्याच पडलेल्या विजा नकाशावर दाखवतं, आणि तुमच्याभोवती २० आणि ४० किलोमीटरची वर्तुळं काढून वीज त्यात आली की सावध करतं. आमच्या घरून चाळीसचं वर्तुळ काढलं तर ते बैलहोंगलच्या उंबऱ्यावर जातं, म्हणजे दाजी आणि दामिनी एकाच रेषेवर! कर्नाटक सरकारच्या आपत्ती देखरेख केंद्राचं ‘सिडिलु’ हे विजेचं ॲपही आहे, त्याच केंद्राच्या स्वयंचलित पर्जन्यमापकांमुळं ग्रामपंचायतींच्या पातळीवरचा पाऊस कळतो.

मग पैसे देऊन घेतलेला विजेचा सेन्सर कशाला? खरं सांगायचं तर त्याची गरज नव्हती. तो विजेच्या रेडिओलहरी पकडतो आणि लहरीच्या जोरावरून अंतराचा अंदाज बांधतो. दिशा अजिबात सांगत नाही, आणि वळवाचा पाठलाग करणाऱ्याला दिशाच तर हवी असते. शिवाय आमच्या बोअरचा स्टार्टर पडला की ‘वीज, १२ किलोमीटर’. मिक्सर लावला की तेच. एप्रिलमध्ये निरभ्र सकाळी चटणी वाटताना आमच्या घरावर बऱ्याच विजा पडल्या. सेन्सर मागच्या खोलीच्या टोकाला नेल्यावर त्रास कमी झाला, थांबला नाही. हा भाग वगळलात तरी चालेल. चमकल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजून तीनानं भागा, किलोमीटर मिळतात, फुकटात.

त्यावरून एक गोष्ट. ढग बघायला येळ्ळूरजवळच्या राजहंसगडावर जाणारी पोरं वाढलीत. जागा खरोखर अप्रतिम आहे, पूर्वेचं अख्खं आभाळ उघडं दिसतं. पण चमक आणि आवाज यांत तीस सेकंदांपेक्षा कमी अंतर राहिलं की गडावर थांबायचं काम नाही. खाली या, गाडीत बसा, काचा लावा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. उघड्या बुरुजावर मोबाईल उंच धरून व्हिडिओ काढणाऱ्यांना मी ओरडलोय, पुढंही ओरडणार.

सीमाभागात राहणाऱ्यांचा एक खास घोळ. हवामान खात्याच्या हिशेबात बेळगाव जिल्हा उत्तर अंतर्गत कर्नाटकात, चंदगड-गडहिंग्लज मध्य महाराष्ट्रात, आणि घाट उतरला की कोकण-गोवा. ढग मात्र या तिन्हींत एकाच संध्याकाळी फिरतो. तीन तासांचा तातडीचा इशारा जिल्ह्यावार निघतो, म्हणून मी बेळगावबरोबर धारवाड, बागलकोट आणि कोल्हापूरचाही बघतो. इशाऱ्याच्या नकाशात धारवाड-बागलकोट रंगले की आपली पाळी येऊ शकते. कोल्हापूरचा इशारा निपाणी-संकेश्वरवाल्यांना जास्त कामाचा. रडार पणजीचं. आमच्यापासून सरळ रेषेत ऐंशी किलोमीटर, मध्ये सह्याद्री. तरी गडगडाटी ढग बारा-पंधरा किलोमीटर उंच जातात, त्यामुळं ते रडारला दिसतात. संगणकी अंदाजाच्या, म्हणजे मॉडेलवाल्या, रंगीत नकाशांवर ‘साडेपाचला येळ्ळूरला पाऊस’ असं शोधू नका. युरोपियन मॉडेलची जाळीसुद्धा नऊ किलोमीटरची आहे, वळवाचा एक ढग तिच्या दोन घरांत मावतो. आज वातावरण तयार आहे की नाही, एवढंच त्यांना विचारावं.

पावसाच्या मोजमापाबद्दल थोडक्यात. आत उलटणारी चिमुकली पात्रं असतात, धो धो पावसात ती उलटेपर्यंत थोडं पाणी निसटतं. शेजारी साधं काचेचं पर्जन्यमापक ठेवलं होतं. एका जोरदार वळवात काचेत ३१ मिलिमीटर, यंत्रात २६. रिमझिमीत दोन्ही जुळतात. कोळ्याची जाळी आणि कुंभारमाशीची माती मात्र दर पंधरवड्याला बघा. एप्रिलअखेर मातीनं पात्र अडकलं होतं, आणि बाहेर पाऊस पडत असताना मोबाईलवर शून्य.

सगळ्यात चीड आणणारा भाग विजेचाच, पण तारेतल्या. गडगडाट सुरू झाला की लाईट जाते, राऊटर बंद, वायफाय बंद, आणि आलेखात नेमकं वादळाच्या जागी भोक. स्क्रीनमध्ये सेल घालता येतात, पण सेलवर असताना ती आकडे इंटरनेटला पाठवत नाही. हे माहितीपत्रकात कुठंच नाही. ज्यांच्याकडून घेतलं त्यांना विचारलं तर “राऊटर बंद-चालू करून बघा”. शेवटी राऊटरला छोटा यूपीएस आणि स्क्रीनला पॉवर बँक लावली. हा खर्च आधीच धरून चला.

विजेचा सेन्सर सध्या काढून, त्याचे सेल वेगळे ठेवलेत. मोसमी पावसात त्याला फारसं काम नाही. परतीच्या पावसात, सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरला, गडगडाट पुन्हा सुरू होईल तेव्हा बघू. तोवर पाईप आणखी चार फूट वाढवायचाय, वेल्डरला सांगून ठेवलंय.