चान्सेनकार्टवर जर्मनीत: पॉइंट जमले, पुढे काय होतं?

आधी निकाल सांगतो, मग कारणं. नोकरी मिळवून देणारा व्हिसा म्हणून चान्सेनकार्टकडे बघत असाल, तर पाचपैकी दोन स्टार. जर्मनीत येऊन, समोरासमोर बसून नोकरी शोधायची परवानगी म्हणून बघत असाल आणि जर्मन किमान बी-१ पातळीचं असेल (भाषेची ए-१ ही सर्वात खालची पातळी, सी-२ सर्वात वरची), तर चार. उरलेला एक मी स्टुटगार्टच्या घरभाड्यापायी कापलाय.

मी चाकणला गाड्यांच्या सुट्या भागांच्या कंपनीत क्वालिटीत होतो, शिक्षण बी.ई. मेकॅनिकल. २०२५ च्या मार्चमध्ये इथे आलो, आता दिवाळी उलटलीय. निघायच्या आधी मला यूट्यूबवर 'पॉइंट कसे जमवाल' छापाचे भरपूर व्हिडिओ सापडले. आल्यावर काय होतं हे सांगणारं जवळपास काहीच सापडलं नाही, म्हणून हे लिहितोय.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १ जून २०२४ पासून जर्मनीने हे कार्ड सुरू केलं. हातात नोकरी नसताना एक वर्षापर्यंत राहता येतं, आठवड्याला सरासरी २० तास काम करता येतं, आणि खरी नोकरी मिळाली की भारतात परत न येता तिथेच व्हिसाचा प्रकार बदलता येतो. पात्र ठरायचे दोन रस्ते आहेत. एक पॉइंटांचा: किमान सहा लागतात, शिवाय जर्मन ए-१ किंवा इंग्रजी बी-२ हवं. दुसऱ्या रस्त्याबद्दल आपल्याकडचे सल्लागार फारसं बोलत नाहीत. तुमची पदवी जर्मन पदवीच्या तोडीची आहे असं कागदावर सिद्ध झालं, तर तुम्ही थेट 'फाखक्राफ्ट', म्हणजे कुशल कर्मचारी ठरता, आणि मग पॉइंट मोजायची गरजच उरत नाही. त्यासाठी अनाबिन या सरकारी डेटाबेसमध्ये आपलं विद्यापीठ आणि आपली पदवी दोन्ही बघायची. शंका असेल तर झाब या कार्यालयाकडून पदवीचं मूल्यांकन करून घ्यायचं. फी २०८ युरो. मी ते केलं, आणि आजवरच्या सगळ्या खर्चात हाच सर्वात वसूल झालेला खर्च आहे. कारण हेच प्रमाणपत्र पुढे नोकरीच्या परवान्यालाही लागतं. ते हातात असलं की कंपनीच्या एचआरचा अर्धा घोर मिटतो.

अर्ज ऑनलाइन भरायचा, कागद अपलोड करायचे, मग व्हीएफएस या व्हिसा अर्ज केंद्रात जाऊन बोटांचे ठसे द्यायचे. व्हिसा फी ७५ युरो. यात अवघड काहीच नाही. एवढ्यासाठी पुण्यात लाख-लाख रुपये घेणारे लोक आहेत, आणि 'शंभर टक्के जॉब' अशी जाहिरातही करतात. जॉब कुठला, कोण देणार, हे विचारलं की उत्तर गोल गोल. फॉर्म भरून देण्यापलीकडे त्यांच्या हातात काही नसतं.

पैशाचं मात्र नीट समजून घ्या. वर्षभराच्या खर्चाची सोय दाखवण्यासाठी स्पेरकोन्टो, म्हणजे गोठवलेलं खातं लागतं. २०२५ साठी महिन्याला १,०९१ युरो, वर्षाचे १३,०९२. मी पैसे पाठवले तेव्हा युरो नव्वदीच्या आसपास होता, आता शंभरीपार गेलाय. म्हणजे आज निघणाऱ्याला तेरा लाखांच्या वर मोजावे लागतात. त्यात टीसीएसचा, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक आगाऊ कापते त्या कराचा, झटका वेगळा. ही रक्कम शिक्षणासाठी नाही, त्यामुळे मर्यादेच्या वरच्या भागावर बँक २० टक्के कापते. माझ्या वेळी मर्यादा सात लाखांची होती, १ एप्रिल २०२५ पासून ती दहा लाख झालीय. हे पैसे आयकर विवरणपत्रात वळते करून मिळतात, पण ऐन निघायच्या वेळी ते हातात नसतात. घरच्यांकडून किंवा मित्राकडून तेवढी तजवीज आधीच करून ठेवा.

१,०९१ मध्ये भागतं का? भागतं, पण कसंबसं. स्टुटगार्टच्या आसपास वे-गे, म्हणजे सामायिक घरातली एक खोली मला सहाशेच्या जवळ पडते. मासिक प्रवासपास २०२५ मध्ये ५८ युरोंना होता. खाणं घरी केलं तर आटोक्यात राहतं; तुरीची डाळ आणि पोह्यांसाठी भारतीय दुकान आहेच, फक्त किमती बघून सुरुवातीला हात आखडतो. शिवाय पत्ता नोंदवला की थोड्याच दिवसांत रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र येतं, महिन्याला १८.३६ युरो. घरात टीव्ही नाही असं सांगून सुटका होत नाही. ती वर्गणी एका घरामागे असते, म्हणून वे-गेत ती सगळ्यांत वाटून घ्यायची.

पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करायची असते, आणि तिला घरमालकाचं सहीचं पत्र लागतं. हे पत्र द्यायला तयार नसलेल्या मालकाची स्वस्त खोली घेऊ नका. पत्ता नोंदवलेला नसेल तर टॅक्स क्रमांक येत नाही, बँकेत खातं उघडताना अडतं, आणि स्पेरकोन्टोतले तुमचेच पैसे तुमच्यापर्यंत पोचायला उशीर लागतो.

आता २० तासांबद्दल. कायद्याने हे काम कुठलंही चालतं, पदवीशी संबंध नसला तरी. स्वतंत्र व्यवसाय मात्र चालत नाही. मी एका बेकरीत पहाटेची पाळी घेतली. २०२५ चं किमान वेतन तासाला १२.८२ युरो होतं, तेव्हा वीस तासांचा हिशोब तुम्हीच करा. पण माझ्या मते यातला खरा फायदा विम्याचा. ठरावीक मर्यादेपर्यंतच्या पगाराचं काम (२०२५ मध्ये महिन्याला ५५६ युरो) 'मिनीजॉब' धरलं जातं आणि त्यात आरोग्य विमा मिळत नाही. त्याच्या वर गेलात की सरकारी आरोग्य विम्यात तुमचा समावेश होतो आणि निदान अर्धा हप्ता मालक भरतो. तोवर मी भारतातून घेतलेल्या स्वस्त खासगी विम्यावर होतो, ज्यात दातांचं काही निघालं असतं तर बहुधा माझ्याच खिशातून गेलं असतं. तेव्हा अर्धवेळ काम शोधताना मिनीजॉब आहे की नाही, हे आधी विचारा. पगारातला फरक थोडा वाटतो, विम्यातला मोठा असतो.

बेकरीने आणखी एक गोष्ट दिली: भाषा. मी पुण्यात बी-१ करून आलो होतो आणि स्वतःला बऱ्यापैकी समजत होतो. पहिल्या आठवड्यात भट्टीवरच्या बाईंचं एक वाक्य धड कळेना. त्या श्वेबिश, म्हणजे इथली स्थानिक बोली, बोलतात. पुस्तकातली मराठी शिकलेल्या माणसाला थेट मालवणच्या मासळीबाजारात सोडावं, तसं झालं. पण त्या रोज बोलत राहिल्या, मी रोज 'परत सांगा' म्हणत राहिलो, आणि उन्हाळ्यापर्यंत फोनवर मुलाखत देण्याइतकी हिंमत आली. क्लासमध्ये मला हे जमलं नसतं.

भाषेवर जरा जास्त बोलतो, कारण माझं या कार्डाबद्दलचं सगळं मत इथेच येऊन थांबतं. नियमात इंग्रजी बी-२ वर प्रवेश मिळतो, आणि त्यामुळे हजारो लोकांना वाटतं की इंग्रजीवर निभेल. पॉइंटांचा तक्ताच नीट बघा ना. जर्मन बी-२ ला तीन पॉइंट आहेत, बी-१ ला दोन. इंग्रजी सी-१ ला फक्त एक. सरकारने स्वतःच सांगून ठेवलंय की बाजारात कशाला किती किंमत आहे. बर्लिनमधल्या सॉफ्टवेअर कंपन्यांत इंग्रजी चालतं, मान्य. पण माझ्यासारखा उत्पादनातला माणूस शॉपफ्लोअरवर उभा राहणार, तिथे ऑपरेटरशी, पुरवठादाराशी, ऑडिटरशी जर्मनच बोलावं लागतं. माझ्याच घरात राहणारा एक तेलुगू मुलगा, माझ्याहून हुशार, इंग्रजीवर आला होता. त्याचे अर्ज पहिल्या चाळणीतच बाद व्हायचे. मुदत संपत आली तसा तो परत गेला. ए-१ वर येऊन इथेच शिकू, असा बेत असेल तर लक्षात घ्या: ए-१ पासून बी-१ पर्यंत जायलाच वर्षाचा बराचसा भाग जातो, आणि कार्ड एकाच वर्षाचं असतं.

बाजाराबद्दल खरं बोलायचं तर वेळ वाईट आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये जर्मनीतले बेरोजगार तीस लाखांच्या वर गेले, दहा वर्षांत पहिल्यांदा. स्टुटगार्ट म्हणजे गाड्यांचं माहेरघर, आणि आपण चाकणवाले डोळे मिटून तिकडेच धाव घेतो. पण बॉश, झेडएफ, फोक्सवॅगन या सगळ्यांनी हजारोंच्या संख्येत नोकऱ्या कमी करायचं जाहीर केलंय. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये चान्सलर शोल्त्स दिल्लीत येऊन सांगून गेले की भारतीय कुशल कर्मचाऱ्यांचे वर्षाचे व्हिसा २० हजारांवरून ९० हजार करणार. व्हिसा वाढले म्हणजे जागा वाढल्या असं होत नाही, हे इथे आल्यावर दिसतं. उन्हाळ्यापर्यंत मी वाहन उद्योगातच अर्ज टाकत होतो आणि नकारही साच्यातले यायचे.

मग एका मराठी काकांनी, जे या भागात बरीच वर्षं आहेत, सांगितलं की गाड्या सोड, टुटलिंगेनकडे बघ. स्टुटगार्टच्या दक्षिणेला हे छोटं गाव आहे. शस्त्रक्रियेच्या उपकरणांसाठी जगभर प्रसिद्ध, आणि आसपास लहान-मोठ्या वैद्यकीय उपकरण कंपन्यांची दाटी. गाड्यांतल्या क्वालिटीच्या माणसाला आयएटीएफ १६९४९ हे दर्जाचं मानक पाठ असतं. इथे आयएसओ १३४८५ लागतं. मानक वेगळं, पण ऑडिट, मोजमाप, तक्रारीच्या मुळाशी जाणं हे सगळं तेच. असल्या गावांत अर्जदारांची गर्दी कमी असते, आणि राहायला यायची तयारी दाखवली की समोरचा माणूस खुर्चीत जरा पुढे सरकतो. मोठ्या नावांच्या मागे लागण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

आणि इथेच या कार्डातली सर्वात चांगली, सर्वात कमी वापरली जाणारी सोय कामी आली. प्रोबेआरबाइट. एखादी कंपनी तुम्हाला दोन आठवड्यांपर्यंत प्रत्यक्ष काम देऊन बघू शकते, आणि असं वेगवेगळ्या कंपन्यांत करता येतं. बहुतेक एचआरवाल्यांना हे माहीतच नसतं. 'तुमच्याकडे कामाचा परवाना नाही' असं म्हणून ते विषय संपवतात. मी काय केलं, तर व्हिसावर छापलेल्या अटींचा फोटो आणि सरकारच्या 'मेक इट इन जर्मनी' या संकेतस्थळावरचं जर्मन पान एकत्र करून अर्जालाच जोडायला लागलो. मुलाखत संपताना स्वतःहून म्हणायचं: दोन आठवडे बघा, मग ठरवा. जर्मन माणूस कागदावरच्या परदेशी अनुभवाला बिचकतो, पण समोर केलेल्या कामावर त्याचा विश्वास बसतो. मला करार मिळाला तो याच वाटेने.

अनुभवाच्या कागदावरून आठवलं. आपल्या रिलिव्हिंग लेटरमध्ये 'अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत नोकरीस होते' एवढंच असतं. इथे कंपन्या आरबाइट्सत्सोइगनिस मागतात, ज्यात तुम्ही नेमकं काय काम केलं आणि कसं केलं हे पानभर लिहिलेलं असतं. नोकरी सोडण्याआधी, साहेबांशी संबंध गोड असतानाच, असं सविस्तर पत्र कंपनीच्या लेटरहेडवर घ्या. इकडून ईमेल करून मागवायला गेलात तर कोणी दाद देत नाही.

आता माझं प्रकरण आउसलेंडरबेहोर्डे, म्हणजे परदेशी नागरिकांच्या कार्यालयात आहे. याची कल्पना फार लोकांना नसते: करार झाला म्हणजे दुसऱ्या दिवशी कामावर जाता येत नाही. कार्डाची मुदत संपायच्या आत अर्ज केला तर राहण्याचा हक्क टिकतो, पण जुन्याच अटींवर, म्हणजे तेच वीस तास. पूर्णवेळ काम नवा परवाना आल्यावरच. म्हणून मुदत संपायला महिनाभर उरलेला असताना करार झाला तर धावपळ ठरलेली. कंपनीला आधीच सांगून रुजू व्हायची तारीख लांबची घ्या. नोकरी न मिळाल्यास कार्ड आपोआप वाढत नाही. दोन वर्षांपर्यंतची वाढ मिळू शकते, पण तिलाही आधी कुशल कामाचा करार लागतो आणि दुसरा कुठला परवाना बसत नसेल तरच ती मिळते.

मी ब्लू कार्ड, म्हणजे ठरावीक पगाराच्या वरच्या पदवीधर परदेशी कर्मचाऱ्यांचा परवाना, मागितलंय. २०२५ साठी त्याची पगाराची अट वर्षाला ४८,३०० युरो होती, पण इंजिनीअरिंग टंचाईच्या यादीत येत असल्याने मला ४३,७५९.८० पुरत होते. माझा पगार या दोन आकड्यांच्या मधला. कमी पगाराच्या अटीवर गेलं की रोजगार खात्याची संमती लागते, आणि सध्या गाडी तिथे थांबलीय. कंपनीने पगार थोडा कमी ठेवून साध्या कुशल कर्मचारी परवान्याचा पर्यायही पुढे केला होता. मी नको म्हटलं, कारण ब्लू कार्डावर बी-१ असेल तर २१ महिन्यांत कायमच्या निवासाचा अर्ज करता येतो, साध्या परवान्यावर ३६ महिने लागतात. कंपनीने जानेवारीची तारीख दिलीय. तोपर्यंत पहाटेची बेकरी चालू.