ब्राउझरमधली ‘जे’ भाषा: नऊ महिने वापरून

फैजपूरकडच्या एका कॉलेजात मी संख्याशास्त्र शिकवते. लॅबमधल्या कॉम्प्युटरवर काही टाकायचं म्हटलं की आधी अर्ज, मग सही, मग वाट बघणं. त्यामुळे ‘जे’ ही अ‍ॅरे भाषा (आकड्यांच्या अख्ख्या यादीवर एकदम काम करणारी) ब्राउझरच्या टॅबमध्ये चालते हे कळलं, तेव्हा मला आनंद भाषेचा झाला नव्हता, अर्ज वाचल्याचा झाला होता.

जेचा इंटरप्रिटर, म्हणजे आपली ओळ वाचून लगेच चालवणारा प्रोग्राम, मुळात सी भाषेत लिहिलेला आहे. तोच वेबअसेम्ब्लीत (ब्राउझरला थेट चालवता येईल अशा रूपात) उतरवून ‘जे प्लेग्राउंड’च्या पानात बसवलाय. पान एकदा उघडलं की हिशेब आपल्याच यंत्रात होतो, ओळ कुठल्या सर्व्हरकडे जात नाही. (एपीएल या जेच्या आधीच्या भाषेसाठी असलेल्या ट्रायएपीएल या पानावर ती जाते, म्हणून तो पर्याय मी सोडला.) हा फरक पुण्या-मुंबईत कदाचित जाणवणार नाही. आमच्याकडे तास सुरू असताना नेट गेलं तरी उघडी पानं चालू राहिली, एवढ्यावरच माझे अर्धे गुण दिले.

भाषेबद्दल थोडं. केनेथ आयव्हर्सन हार्वर्डला शिकवत होते तेव्हा त्यांनी या भाषांच्या मुळाशी असलेली चिन्हलिपी बांधायला घेतली. म्हणजे आधी ती फळ्यावरची, मशीनवर नंतर आली. १९६२च्या ‘अ प्रोग्रामिंग लँग्वेज’ या पुस्तकातून एपीएल हे नाव मिळालं, १९७९ला आयव्हर्सनना ट्युरिंग पुरस्कार, संगणकशास्त्रातला सर्वोच्च मान. पण एपीएलची चिन्हं साध्या कीबोर्डवर नाहीत. १९९०च्या सुमारास आयव्हर्सन आणि रॉजर हुई यांनी ‘जे’ ही भाषा केली ती नेहमीच्या कीबोर्डवरच्या चिन्हांत. बीक्यूएन, वीवा (Uiua) या त्याच वळणाच्या नव्या भाषाही ब्राउझरमध्ये चालतात, दिसायलाही देखण्या आहेत. पण पोरांना पहिल्याच दिवशी नवी चिन्हं टाइप करायला लावायची माझी हिंमत झाली नाही.

सरासरी म्हणजे (+/ % #). बेरीज, भागिले, किती. बस. हे फळ्यावर लिहिलं आणि मागच्या बाकावरून ‘मॅडम, संपलं?’ आलं.

खरा उपयोग मात्र घरी झाला. केळीच्या हवामान आधारित विम्यात तापमान अमुक मर्यादेच्या वर सलग किती दिवस राहिलं यावर बरंच अवलंबून असतं. मे महिन्यातले ३१ दिवसांचे कमाल आकडे माझ्याकडे वहीत होते. समजा मर्यादा ४२ आणि सलग ५ दिवस (हे आकडे उदाहरणापुरते, खरे त्या वर्षीच्या शासन निर्णयात बघावेत). ओळ अशी:

५ *./\ ४२ <: तापमान

इथे मी देवनागरीत लिहिलंय. जेमध्ये नावं आणि अंक रोमनच लागतात. उजवीकडून वाचायचं: ४२ किंवा त्याहून जास्त असेल तिथे १, नाही तिथे ०. मग त्या शून्य-एकांवरून पाच दिवसांची खिडकी एकेक दिवस पुढे सरकते आणि पाचही एक असतील तरच एक देते. ३१ दिवसांच्या २७ खिडक्या होतात. एक्सेलमध्ये यासाठी मी दोन जादा कॉलम ओढत बसायचे. पुढे +/ लावून मोजायला गेले तर सावध राहा. सलग सहा दिवस तापले की खिडक्या दोन मोजल्या जातात, उन्हाची लाट मात्र एकच असते. हे माझ्या लक्षात तीन दिवसांनी आलं.

आणि एकदा तोंडावर आपटले. कटाईच्या वजनाचा हिशेब: १२० किलोतून कॅरेटचं १२ वजा, खराब फण्यांचे ३ वजा. १०५ यायला हवे होते. जेने १११ दिले, कारण ती आधी उजवीकडचं १२ वजा ३ करते आणि ते ९ मग १२०मधून काढते. गुणाकार आधी, बेरीज नंतर असा शाळेतला क्रमही तिथे चालत नाही. मी कागद सासऱ्यांपुढे ठेवला. नानांनी चष्मा सरकवून आकडा पाहिला नि म्हणाले, “व्यापारी एवढा उदार कधीपासून झाला?” मग ओळीकडे बघून, “आन् हे काय लिवलं? मुंग्या चालल्या जशा.”

मुंग्यांची तक्रार खरी आहे. आठवड्यानं स्वतःचीच ओळ वाचताना मी बोट ठेवून वाचते. ऋण संख्या अधोरेषेने येते, म्हणजे वजा तीन हे _३ असं दिसतं. पोरं ते ‘रिकामी जागा भरा’ समजतात.

मोबाइलवर नको. चिन्हांसाठी कीबोर्डची दुसरी-तिसरी पानं उलटत बसावं लागतं, आणि फोनने सरळ अवतरणचिन्हं वाकडी केली की ‘जे’ ती ओळ घेतच नाही. व्हॉट्सअ‍ॅप बघून परत यावं तर माझ्या फोनने टॅब नव्याने उघडलेला असतो आणि सगळ्या व्याख्या गेलेल्या. लॅबमध्ये लाइट गेली की तेच. म्हणजे ही पाटी आहे, वही नाही. आता मी ओळी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवते आणि तिथून चिकटवते. पानाच्या लिंकमध्येच कोड बसतो, तो वर्गाच्या ग्रुपवर टाकता येतो, हे फार सोयीचं. लिंक मात्र नंदुरबारपासून मुक्ताईनगरपर्यंत लांब होते.

मोठी आकडेमोडही टॅबमध्ये करू नये. हौस म्हणून एक लाख बाय एक लाखाचा पाढा मागितला, म्हणजे हजार कोटी घरं. मिळाला नाही, मिळणारही नव्हता.

घरच्या लॅपटॉपवर ‘जे’ आता इन्स्टॉल केली आहे, गेल्या दहा वर्षांच्या तापमानासाठी. लॅबमध्ये टॅबच. नानांनी परवा त्यांची जुनी वही काढून दिली, कांदेबाग केळीच्या घडांची वजनं आहेत तिच्यात, काही किलोत, काही मणात. आधी ते सगळं एका मापात आणायचं आहे, आणि त्यात ‘जे’ची काही मदत होणार नाही.