फोटोरेक: नावे गेली, छायाचित्रे परत आली
संगणक कोलमडून हार्ड डिस्क उघडेनाशी झाली, तेव्हा मी फोटोरेक हे मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर वापरले. ते फाइल सिस्टिमकडे, म्हणजे कोणती फाइल डिस्कवर कुठे आहे याच्या नोंदींकडे, न पाहता डिस्क ब्लॉकगणिक वाचते आणि जेपेग फाइलच्या आरंभीच्या ठरावीक बाइट्सवरून छायाचित्र ओळखते. त्यामुळे फाइलींची यादी नष्ट झाली तरी त्याचे अडत नाही. मूळ नावे मात्र गेलीच: बहिणीच्या हळदीचे फोटो ‘एफ’ अक्षर आणि लांबलचक आकडा अशा नावांनी, ब्राउझरने साठवलेल्या चिल्लर चित्रांत मिसळून हाती आले आणि ते निवडण्यात दोन रविवार गेले. (एक्झिफमधल्या, म्हणजे कॅमेऱ्याने फोटोच्या फाइलीतच नोंदवलेल्या, तारखा शाबूत होत्या, हे नशीब.) सापडलेल्या फाइली त्याच डिस्कवर कदापि उतरवू नयेत, ट्रिम (पुसलेल्या फाइलींची जागा मोकळी झाल्याचे डिस्कला कळवणारी सोय) चालू असलेल्या एसएसडीकडून फारशी आशाही ठेवू नये.