ओहायो स्टेटचा २०२४चा मोसम: पाच महिने वापरल्यानंतर

आधीच सांगून ठेवतो, मी कोल्हापूरचा. फुटबॉल म्हटलं की शाहू स्टेडियम, पाटाकडील विरुद्ध शिवाजी या तालमींची लढत, आणि सामना सुटल्यावर घरी कुठल्या गल्लीनं जायचं याचा हिशेब. अमेरिकेत ओहायोतल्या कोलंबसला येऊन अठरा वर्षं झाली तरी इथल्या अमेरिकन फुटबॉलला मी फुटबॉल म्हणायला तयार नव्हतो. चेंडू काखेत मारून पळायचं आणि त्याला फुटबॉल म्हणायचं? मग मुलगा इथल्या ओहायो स्टेट विद्यापीठात शिकायला लागला, सोमवारी ऑफिसात सगळे सामन्यावर बोलत असताना गप्प बसायचा कंटाळा आला, आणि ऑगस्ट २०२४मध्ये मी विद्यापीठाच्या संघाच्या घरच्या आठही सामन्यांची दोन-दोन तिकिटं घेतली. ऑगस्टअखेर ते २० जानेवारी, सगळे मिळून सोळा सामने. वस्तू पुरती वापरून झाली आहे, आता लिहायला हरकत नाही.

भारतात बसून वाचणाऱ्यांनी कॉलेजचा संघ म्हणजे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा असं चित्र डोळ्यांसमोर आणू नये. स्टेडियम १९२२चं, घोड्याच्या नालेसारखं, आसनं १,०२,७८०. जुलै २०२१पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमवायची मुभा आहे, आणि २०२४च्या संघावर असे सुमारे २ कोटी डॉलर गेले असं विद्यापीठाच्या क्रीडा संचालकांनीच सांगून टाकलं. आपल्याकडचे १७० कोटी रुपये. एवढा ऐवज ओतल्यावर गिऱ्हाइकाच्या अपेक्षाही तशाच असणार.

त्या पैशात आलं काय? क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा, विल हॉवर्ड कॅन्सस स्टेट विद्यापीठाचा. पळणारा क्विन्शॉन जडकिन्स ओल मिसचा. बचावातला केलेब डाउन्स आणि आक्रमणाच्या पुढच्या फळीतला मधला, म्हणजे सेंटर, सेथ मॅक्लॉफलिन, दोघं अलाबामाचे. सगळे ट्रान्स्फर पोर्टलमधून, म्हणजे विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून, थोडक्यात रेडीमेड. प्रशिक्षकांतही तसंच. चिप केली हा यूसीएलए विद्यापीठाचं मुख्य प्रशिक्षकपद सोडून इथे मुख्य प्रशिक्षक रायन डेच्या हाताखाली आक्रमण सांभाळायला आला. डे कॉलेजात असताना केलीच्या हाताखाली खेळलेला, म्हणजे गुरू शिष्याच्या नोकरीत. कोल्हापुरात एखाद्या तालमीनं बाहेरगावचे चार खेळाडू आणले की पेठेत जशी कुजबुज होते, तशी इथे ऑगस्टभर चालू होती.

आणि त्यांच्या जोडीला घरचा माल. २०२१ साली भरती झालेली बॅच. जॅक सॉयर, जेटी टुइमोलोआऊ, इमेका एगबुका, ट्रेव्हियन हेंडरसन, डॉनव्हन जॅक्सन, डेन्झेल बर्क, टायलीक विल्यम्स. यातले बरेच जण एक वर्ष आधीच व्यावसायिक लीगमध्ये जाऊ शकत होते. गेले नाहीत, कारण तीन वर्षांत त्यांनी शेजारच्या राज्यातल्या मिशिगनला, म्हणजे कट्टर वैऱ्याला, एकदाही हरवलं नव्हतं. ही ईर्षा मला लगेच कळली. ती कळायला खेळाचे नियम माहीत असावे लागत नाहीत.

पहिला महिनाभर वस्तू नवीकोरी चालली. ॲक्रन ५२-६, वेस्टर्न मिशिगन ५६-०, मार्शल ४९-१४. यावर लिहिण्यासारखं काही नाही. तिसऱ्या क्वार्टरपासून बायको मोबाइलवर वाणसामानाची यादी करायची. अपवाद एकच, जेरेमाया स्मिथ. फ्लोरिडाहून आलेला, वय अठरा, त्या वर्षीच्या भरतीत देशात पहिला. आयोवाविरुद्ध त्यानं टचडाउनचा, म्हणजे गोलरेषेपलीकडचा, एक झेल एका हातानं घेतला. झाडावरचा पिकला आंबा जाता जाता काढावा तसा. माझ्या शेजारी बसणारे एक आजोबा चाळीस वर्षं सामने बघतायत. ते काहीच बोलले नाहीत, नुसती टोपी काढून डोकं खाजवलं.

पहिला बिघाड १२ ऑक्टोबरला, ऑरेगनमध्ये. ३२-३१ असे हरलो. शेवटचे सहा सेकंद उरलेले, हॉवर्ड चेंडू घेऊन पळाला, घसरत बसला, आणि घड्याळ शून्यावर. पण मला जास्त आवडली ती ऑरेगनची चलाखी. त्याच्या आधीच्या चालीला त्यांनी मैदानात बारावा माणूस उभा केला होता. दंड फक्त पाच यार्डांचा, पण मधले चार सेकंद गेले ते गेले. पुढच्या आठवड्यात त्या पळवाटेवर बूच मारावं लागलं. असली डोकॅलिटी मी फक्त गांधी मैदानावर बघितली होती. त्या रात्री पुढच्या फळीतला डावीकडचा गडी (टॅकल) जॉश सिमन्सचा गुडघा गेला आणि मोसमभराचा प्रश्न उभा राहिला. जॅक्सनला त्याच्या जागेवरून उचलून तिथे बसवलं. नोव्हेंबरात मॅक्लॉफलिनची टाच गेली. पुढची फळी अशी ठिगळं लावत चालवली, आणि खरं सांगायचं तर ठिगळं कापडापेक्षा जास्त टिकली.

पेन स्टेटला जाऊन २०-१३ जिंकलो, तेही गोलरेषेपासून तीन यार्डांवर चार वेळा अडवून. तोवर अपराजित असलेल्या इंडियानाला ३८-१५. डाउन्सनं त्यात त्यांनी लाथेनं उडवलेला चेंडू (पंट) ७९ यार्ड पळून परत आणला. इथवर मी पाच तारे द्यायला बसलो होतो.

मग ३० नोव्हेंबर.

मिशिगनचा संघ यंदा सुमार. पाच सामने हरून आलेला. सट्टेवाल्यांच्या हिशेबानं आपण वीसेक गुणांनी जिंकणार. दुपारी बाराचा सामना, पारा शून्याखाली, ॲल्युमिनियमच्या बाकावर बूड टेकवत नव्हतं. बाहेरचं खाणं आत चालत नाही आणि पिशवीही पारदर्शकच लागते, त्यामुळे बायकोनं केलेलं भडंग गाडीच्या डिकीपाशीच संपवलेलं. बॅंडनं मैदानावर ओहायो हे नाव लिहिलं, त्यातल्या 'i' अक्षरावरचा टिंब द्यायला सूझाफोन हे मोठं पितळी वाद्य वाजवणारा ऐटीत गेला, लाखभर माणसं ओरडली. त्यानंतर ओरडण्यासारखं फार काही झालंच नाही.

जगातला सगळ्यात महागडा झेलणाऱ्यांचा ताफा हाताशी असताना आपण चेंडू पुन्हा पुन्हा मधूनच घुसवत राहिलो, जिथे मिशिगनची सगळ्यात जाड माणसं उभी होती. हॉवर्डनं दोन चेंडू त्यांच्या हातात दिले. जेडन फील्डिंगचे दोन फील्ड गोल, म्हणजे लाथेनं खांबांमधून मारायचे चेंडू, चुकले. मध्यंतराला १०-१० होते. त्यानंतर आपला एकही गुण नाही. शेवटी ४५ सेकंद राहिले असताना मिशिगननं २१ यार्डांवरून फील्ड गोल मारला, १३-१०. मिशिगनकडून सलग चौथी हार. त्यांनी आमच्या मैदानात झेंडा रोवायला घेतला आणि मारामारी जुंपली, पोलिसांनी मिरचीचा फवारा मारला. मी जिन्यावर उभा राहून बघत होतो. मुलगा विद्यार्थ्यांच्या स्टँडमधून फोनवर एवढंच म्हणाला, "बाबा, तुम्ही घरी जा, मी नंतर येतो." शेजारचे आजोबा तोवर निघून गेले होते.

त्या आठवड्यात कोलंबसमध्ये रायन डेला काढा असं म्हणत नव्हता असा माणूस मला भेटला नाही. मीही म्हणत होतो. आणि रागाच्या भरात एक गाढवपणा केला. प्लेऑफचा, म्हणजे अजिंक्यपदाच्या बाद फेऱ्यांचा, पहिला सामना घरच्या मैदानावर टेनेसीशी होणार होता. तिकिटं घेऊन ठेवली होती, ती दोन्ही विकून टाकली. चांगला भाव आला. भाव का येतोय याचा विचार केला नाही.

याच मधल्या काळात भरतीचा दिवस येऊन गेला, ४ डिसेंबर, मिशिगनच्या हारीनंतर चौथ्या दिवशी. हा प्रकार मला अजून पचलेला नाही. बारावीतली मुलं त्या दिवशी कुठल्या विद्यापीठाकडून खेळणार त्याची सही करतात. पण त्याआधी दोन वर्षं वेबसाइटवाले त्यांना तारे देत असतात. सतरा वर्षांचं पोर, नीट मिशी फुटलेली नाही, आणि त्याला पाच तारे. खोका उघडायच्या आधी लिहिलेला रिव्ह्यू. मग सगळ्या ताऱ्यांची बेरीज करून विद्यापीठांची क्रमवारी लावायची आणि त्यावरून मोठ्या माणसांनी भांडायचं. यंदा आपली बॅच देशात पहिल्या पाचांत. बेलफाँटेनचा क्वार्टरबॅक टेव्हियन सेंट क्लेअर इथून तासाभराच्या गावचा. ह्यूस्टनचा डेव्हिन सँचेझ, क्लीव्हलंडचा बो जॅक्सन. अलाबामातला नईम ऑफर्ड मात्र आपल्याला शब्द देऊन ऐन वेळी ऑरेगनला गेला, आणि देशात पहिला मानला गेलेला ब्राइस अंडरवुड लुइझियाना स्टेटला दिलेला शब्द मोडून मिशिगनकडे. ऑफिसात त्या दिवशी सुतक होतं. मी गप्प बसलो, कारण माझं लक्ष २०२१च्या बॅचकडे लागलं होतं. तेव्हा ती देशात दुसरी होती. तारे भरपूर, आणि चार वर्षांनी हातात मिशिगनविरुद्ध भोपळा. मग त्या ताऱ्यांचं काय करायचं?

२१ डिसेंबर. टेनेसीचा सामना मी घरी सोफ्यावर बसून पाहिला. कॅमेरा फिरला आणि स्टँडमध्ये नारिंगीचे पट्टेच्या पट्टे. माझ्यासारखे गाढव हजारोंनी निघाले होते. आमच्या दोन जागांवरही नारिंगी टोप्याच असणार. पहिल्याच क्वार्टरमध्ये २१-०, शेवटी ४२-१७. हाच संघ तीन आठवड्यांपूर्वी मधूनच घुसत होता यावर विश्वास बसेना. हॉवर्ड लांब फेकत होता, स्मिथ झेलत होता. बायको म्हणाली, "आता तिकीट विकल्याचे पैसे मोज." यावर मी काय बोलणार?

१ जानेवारीला पुढची फेरी, रोझ बोल या सामन्यात पुन्हा ऑरेगन. मोसमभर न हरलेला, देशातला पहिला संघ. मध्यंतराआधीच ३४-०. स्मिथचे एकट्याचे १८७ यार्ड. ४१-२१ हा आकडा त्या सामन्याला न्याय देत नाही, तो त्याहून एकतर्फी होता.

पण माझ्या लेखी मोसम म्हणजे १० जानेवारीची एक चाल. उपांत्य सामना, डॅलसजवळ आर्लिंग्टनला टेक्सस विरुद्ध. २१-१४नं आपण पुढे, आणि टेक्सस आपल्या गोलरेषेपासून एका यार्डावर. आता बरोबरी होणारच. दुसऱ्या चालीत त्यांनी चेंडू बाजूला काढला आणि सात यार्ड मागे गेले. चौथी, म्हणजे शेवटची चाल, आठ यार्ड हवेत. त्यांचा क्वार्टरबॅक क्विन इवर्स. हा इवर्सही मूळचा आपल्याच २०२१च्या बॅचमधला, एक मोसम इथे काढून टेक्ससला गेलेला. इथे असताना त्याचा खोलीतला सोबती होता जॅक सॉयर, कोलंबसच्या शेजारच्या पिकरिंग्टनचा पोरगा. त्या चालीला सॉयरनं त्याला गाठलं, हातातला चेंडू उडवला, खाली पडलेला उचलला आणि ८३ यार्ड पळत सुटला. बचावातलं धिप्पाड माणूस ८३ यार्ड पळतं तेव्हा कसं दिसतं ते एकदा बघाच. शेवटच्या वीस यार्डांत पाय जड पडत होते, तोंड वासलेलं, तरी मागचा कोणी पोचत नव्हता. मी सोफ्यावर उभा होतो. खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं.

चार वर्षं इथेच राहिलेल्या पोरानं सोडून गेलेल्या सोबत्याचा चेंडू काढला. पाच तारे दोघांनाही मिळाले होते. २०२१ची बॅच चांगली होती की नाही हे कळायला जानेवारी २०२५ उजाडला, आणि तेही हारी पचवून पोरं थांबली म्हणून.

अंतिम सामना अटलांटात, २० जानेवारी. नोत्र दामनं पहिलीच चढाई, चालीमागून चाल करत, जवळजवळ दहा मिनिटं चालवली, मग आपण ओळीनं ३१ गुण घेतले, मग ते पाठलाग करत ३१-२३वर आले. आता नेहमीसारखं पोटात गोळा. तिसरी चाल, अकरा यार्ड हवेत, सावध संघ पळत राहिला असता. हॉवर्डनं स्मिथला ५६ यार्ड फेकलं. मग फील्ड गोल मारायला आला तोच फील्डिंग, मिशिगनविरुद्ध दोन चुकवलेला. हा आत गेला. ३४-२३. २०१४च्या मोसमानंतरचं पहिलं अजिंक्यपद, बारा संघांचा पहिलाच प्लेऑफ.

आता दर्जाविषयी. पाचपैकी साडेचार तारे. अर्धा तारा मिशिगननं नेला, आणि तो परत मिळेपर्यंत मी देणार नाही. पाच तारे द्या म्हणून मुलानं भांडण काढलं, अजिंक्यपद म्हणजे अजिंक्यपद म्हणे. त्याचं वय तेवढं आहे. पेठेतल्या सामन्यात हरून बाहेरचा चषक आणणाऱ्या तालमीचं स्वागत गल्लीत कसं होतं ते त्यानं बघितलेलं नाही.

विक्रीनंतरच्या सेवेचं म्हणाल तर बचावाचे प्रमुख जिम नोल्स चषक घरी पोचेपर्यंत पेन स्टेटला गेले आणि चिप केली व्यावसायिक लीगमधल्या रेडर्सकडे. हॉवर्ड, सॉयर, एगबुका, हेंडरसन, सगळ्यांची कॉलेजातली वर्षं संपली. २०२५च्या मोसमाला स्मिथ आणि डाउन्स तेवढे उरले. २०२५च्या बॅचला तारे विचारू नका, २०२९च्या जानेवारीत सांगतो.

२०२५च्या मोसमाची तिकिटंही घेतली. ३० ऑगस्ट २०२५ला पहिलाच सामना इथे होता, टेक्ससशी. मिशिगनचा सामना कुठे, असं तेव्हा बायकोनं विचारलं. म्हटलं, ॲन आर्बरला, २९ नोव्हेंबर, तीन तासांचा रस्ता.

"मग भडंग जास्त करायला हवं," ती म्हणाली.