साधा योगवर्ग की करडांसोबत योग? नाशिककरांनी ठरवण्याआधी

कंबर धरते, जिना चढताना धाप लागते, सूर्यनमस्कार नीट शिकायचेत, यांपैकी काही कारण असेल तर शेळ्यांच्या वाटेला जाऊ नका. सकाळचा साधा वर्ग गाठा, नाशिकमध्ये त्याची वानवा नाही. पण मॅट कपाटावर पडून असेल आणि वर्गात सगळं लक्ष घड्याळाकडेच जात असेल, तर करडांसोबतचा एक तास करून पाहण्यासारखा आहे.

ही टूम २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ऑरेगनमधून निघाली. खरी ओढ योगापेक्षा करडांचीच. फलकासनात (प्लँकमध्ये) हात थरथरत असतात, तेवढ्यात करडू पोटाखालून निघून जातं. हसू फुटतं, आसन मोडतं. एकाग्रता हवी असलेल्याला हा वैताग. चारचौघांत आसन चुकण्याची लाज वाटणाऱ्याला मात्र हीच मोकळीक, कारण इथे सगळ्यांचंच चुकतं.

साध्या वर्गाच्या तासात सूक्ष्म व्यायाम, आसनं, प्राणायाम आणि शवासन बसतं. करडांसोबत जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं आसनं होतात. बाकी वेळ गोंजारण्यात आणि फोटोंत जातो. कपालभातीचं तर नावच नको, लेंड्यांचा वास आणि धूळ थेट नाकात.

आसनांत मार्जरासन, म्हणजे हात-गुडघे टेकून मांजरासारखं राहणं, सगळ्यांत सोयीचं. उंचवटा दिसला की चढायचं ही करडाची उपजत खोड, आणि पाठ आयतीच मिळते. मात्र आठेक किलोंचं वजन चार टोकदार खुरांवर येतं. ते पाठीच्या वरच्या भागावर चालतं, कमरेवर नको. उतरताना करडू मानेवरून उडी घेतं, म्हणून हनुवटी छातीकडे ठेवा. वृक्षासन, सर्वांगासन, शीर्षासन साफ टाळा. केस बांधा; ओढणी आणि लोंबते डूल घरी ठेवा, कारण जे लोंबतं ते चघळलं जातं. मॅटवर जुनी सतरंजी अंथरा. बसलेलं करडू उठलं की बहुधा आधी मुततं, आणि फोमच्या मॅटचा तो वास सहजी जात नाही.

गंगापूर धरणाकडे किंवा त्र्यंबक रस्त्याला एखाद्या फार्महाऊसवर सत्र ठरवत असाल, तर योगशिक्षकाआधी शेळीपालकाशी बोला. आपल्याकडच्या संगमनेरी, उस्मानाबादी शेळ्या मोठेपणी तीस किलोंच्या घरात जातात, म्हणून दोन-तीन महिन्यांचीच करडं घ्यावीत. त्यांची आई नजरेच्या टप्प्यात हवी, नाहीतर तासभर नुसता ओरडा. अर्ध्या तासाआधी मेथीघास किंवा सुबाभूळ घातली की ती शांत राहतात. कळपाला पीपीआर आणि आंत्रविषार या शेळ्यांच्या जीवघेण्या रोगांवरची लस, जंतनाशक दिलंय का, हे विचारा. ओठांभोवती खपल्या असलेलं करडू बाजूला ठेवायला लावा. तो आजार माणसाच्या हातालाही लागतो. गरोदर बाईने हा प्रकार टाळावाच: गाभडलेल्या शेळीच्या स्रावातून ब्रुसेलोसिससारखे आजार लागतात. नंतर कच्चं दूध पुढे आलं तर तेही नको, उकळूनच प्या.

जागा पाहताना कुंपण तपासा. कण्हेर दिसायला छान, पण शेळीला विषारी. द्राक्षबागेत फोटो छान येतात खरे, पण फवारलेली पानं करडांच्या पोटात गेली तर निस्तरणं कठीण.

जून ते सप्टेंबर मात्र साधाच वर्ग बरा. ओलीत शेळ्यांचे खूर सडतात आणि चिखलात पाय टाकायला त्याही राजी नसतात.