३४ वर्षं डोंबिवली, ८ महिने वाघोली: वापरानंतरचा अनुभव

मे २०२५ मध्ये आम्ही डोंबिवलीचं बिऱ्हाड हलवून पुण्याला, म्हणजे वाघोलीला आलो. पहिल्याच महिन्यात लिहिलं असतं तर पुण्याला पाचपैकी पाच दिले असते, तिसऱ्या महिन्यात नुसत्या शिव्या घातल्या असत्या, आता आठ महिन्यांनी जरा डोकं ठिकाणावर आहे म्हणून लिहायला बसले. घरात मी, नवरा, पाच वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. नवऱ्याला खराडीत जॉब लागला, माझं काम बहुतेक घरूनच.

आधी साइजचं सांगते, कारण त्यावरून आमच्यात पैज लागली होती. नवरा म्हणाला मुंबई मोठी, यात विचारायचं काय. माणसं मोजली तर बरोबर आहे, २०११ च्या जनगणनेत मुंबई आणि तिला चिकटलेली शहरं मिळून १ कोटी ८४ लाख आणि पुणे-पिंपरी-चिंचवडचा सलग पट्टा ५० लाखांच्या जरा वर. पण जमीन मोजली की गंमत होते. एमएमआरडीए म्हणजे मुंबई महानगराचं विकास प्राधिकरण, त्याचा पसारा साधारण ६,३०० चौरस किलोमीटर, पालघरपासून अलिबागपर्यंत, आणि त्यात ९ महापालिका. पुण्याचं तसंच प्राधिकरण, पीएमआरडीए, झाली २०१५ मध्ये, पण तिची हद्द ६,९०० चौरस किलोमीटरच्या आसपास, महापालिका मात्र दोनच. म्हणजे नकाशावर पुणे महानगर मुंबई महानगराहून मोठं! पैज मी जिंकले.

जिंकून उपयोग काय ते नंतर कळलं. त्या क्षेत्रफळात मुळशी-मावळचे डोंगर आले, धरणं आली, उसाचे फड आले. आमची वाघोली तर २०२१ पर्यंत गावच होती, तेव्हा २३ गावं एकदम पुणे महापालिकेत घेतली त्यातलं हे एक. पत्त्यात पुणे आहे पण पेठेत निघालं की सोसायटीतले लोक अजून "जरा पुण्यात जाऊन येतो" म्हणतात. डोंबिवलीतही आम्ही "मुंबईला जातो" म्हणायचो हे खरं, पण तिथे जायला गाडी दर काही मिनिटांनी असते, इथे जायला आधी मूड लागतो.

आता फ्लॅट. इथे पुणे पुढे, वादच नाही. डोंबिवलीत आमचा वन बीएचके, कार्पेट ३८० स्क्वेअर फूट, तिसरा मजला, लिफ्ट नाही, सासूबाई हॉलमध्ये झोपायच्या आणि मी मीटिंग किचनच्या ओट्याला टेकून करायचे. इथे टू बीएचके, दोन बाल्कन्या, मुलाला सायकल फिरवायला पॅसेज, भाडं तिथल्या वन बीएचकेपेक्षा जेमतेम पाच हजार जास्त. खाली क्लब हाऊस, जिम, जॉगिंग ट्रॅक, स्विमिंग पूल. ब्रोकरने अ‍ॅमेनिटीजची यादी वाचून दाखवली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगं, हे घर आहे की रिसॉर्ट?"

आम्ही मेमध्ये आलो तेव्हा पूल बंद होता. पाणी नाही म्हणून. सोसायटीला रोज टँकर येतात आणि त्याचा हिशोब मेंटेनन्समध्ये लागतो, ही अ‍ॅमेनिटी ब्रोकरच्या यादीत नव्हती. पुण्याला तशी खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर अशी चार धरणं हाताशी आहेत, पण ती सगळी पश्चिमेला आणि आम्ही पार पूर्वेच्या टोकाला, नगर रोडवर. डोंबिवलीत पाण्याची वेळ ठरलेली असायची, कधी कमी दाबाने यायचं, पण टँकरवाल्याचा नंबर माझ्या फोनमध्ये कधी सेव्ह नव्हता.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की दोन्हीकडे अ‍ॅमेनिटीज आहेत, फक्त पुण्याच्या कडेच्या भागात त्या गेटच्या आत आहेत आणि मुंबईकडे गेटच्या बाहेर. डोंबिवलीच्या बिल्डिंगला गेटच नव्हतं धड. पण खाली उतरलं की भाजी, पिठाची गिरणी, डॉक्टर, क्लास, दहा मिनिटांवर स्टेशन आणि स्टेशनवरून ४८ किलोमीटर लांबच्या सीएसएमटीपर्यंत सेकंड क्लासचा महिन्याचा पास सव्वादोनशेच्या आसपास. इथे गेटच्या आत सगळं गुळगुळीत, बाहेर पडलं की फुटपाथ शोधायचा.

याचा खरा फटका सासूबाईंना बसला. त्यांचं वय ६८, माहेर गिरगावचं. डोंबिवलीत असताना महिन्यातून दोनदा तरी एकट्या निघायच्या, दादरला उतरायचं, ब्रिज चढून वेस्टर्नची गाडी पकडून चर्नी रोड, भावाकडे जेवायचं, येताना दादरला फुलं किंवा शिवाजी मंदिरला नाटक असलं तर ते, संध्याकाळी घरी. कोणाला विचारायचं नाही, कोणी सोडायला लागायचं नाही. पन्नास किलोमीटर म्हणजे त्यांना लांब वाटलंच नाही कधी. इथे त्यांची मैत्रीण सदाशिव पेठेत राहते, अंतर अठरा-वीस किलोमीटर, आणि पहिल्या चार महिन्यांत भेट झाली एकदाच. रिक्षाने गेलं तर तीनशेच्या वर आणि दीड तास, बसची वाट बघत एकदा पाऊण तास उन्हात उभ्या राहिल्या आणि परत आल्या. मग रोज संध्याकाळी वाघेश्वराच्या देवळापर्यंत आणि परत, बास. एकदा मला म्हणाल्या, "तिकडे घर लहान होतं गं, पण मी मोठी होते." मी काही बोलले नाही, काय बोलणार.

मला वाटतं फरक वाढण्याच्या पद्धतीत आहे. मुंबईत रेल्वे आधी आली, १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे, आणि मग गाव तिच्या कडेकडेने वाढत गेलं, म्हणून कल्याण घ्या नाहीतर विरार घ्या, स्टेशन मधोमध असतं. पुणे आधी चारही बाजूंना पसरलं, दुचाकीवर पसरलं, आणि मेट्रो धावायला लागली मार्च २०२२ मध्ये. त्यामुळे इथे प्रत्येक घरात माणशी एक गाडी आणि ज्याला चालवता येत नाही तो अडकला. मला येत नव्हती! ३४ वर्षांत कधी गरजच पडली नाही. इथे आल्यावर मुलाच्या शाळेसाठी स्कूटर शिकले, केसनंद फाट्याला दोनदा पडले, आता बरी चालवते पण ट्रकच्या बाजूने जाताना अजून श्वास रोखते.

मुंबईचं गुणगान नको, गर्दीचं पण सांगते. आम्ही आल्यावर महिन्याभरातच, ९ जूनला, मुंब्र्याजवळ भरलेल्या लोकलमधून माणसं खाली पडली आणि जीव गेले. नवरा अकरा वर्षं त्याच लाइनवर दारात लटकून गेलाय. त्या रात्री तो उशिरापर्यंत बातम्या बघत बसला होता. इथे तो नगर रोडच्या ट्रॅफिकमध्ये सात किलोमीटरला चाळीस मिनिटं लावतो आणि कटकट करतो, पण घामेजलेला, चुरगळलेला घरी येत नाही, मुलासोबत जेवतो. हे मी हलक्यात घेणार नाही.

हवेचं वेगळं सांगायला नको. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, संध्याकाळी पंखा बंद करावा लागतो हे मला नवीनच होतं. पाऊसही मुंबईच्या तिसऱ्या हिश्शाएवढा, कपडे वाळतात. दवाखाने जवळ आहेत आणि चांगले आहेत, पण मोठ्या दुखण्याला आमच्या नात्यातले लोक अजून परळलाच जातात, केईएम आणि टाटा तिथेच आहेत म्हणून. दिवाळीच्या पहिल्या दिवशी मात्र डोंबिवलीच्या फडके रोडवरच्या गर्दीची फार आठवण आली, इथे पोरंपोरी नटूनथटून क्लब हाऊसला जमली, फोटो काढले, साडेनऊला सगळे घरात.

मेट्रोबद्दल थोडं चांगलं. रामवाडी ते वनाज लाइन मस्त आहे, स्वच्छ, गार, शनिवार-रविवार तिकिटाला ३० टक्के सूट. प्रॉब्लेम रामवाडीच्या अलीकडचा, वाघोलीपासून स्टेशन सात-आठ किलोमीटर. लाइन वाघोलीपर्यंत वाढवायला जून २०२५ मध्ये केंद्राने मंजुरी दिलीय, त्यावर आमच्या भागात ब्रोकर लोकांनी भाव लगेच वाढवले, खांब मात्र अजून एक दिसत नाही. दरम्यान तिकडे मुंबईत ऑक्टोबरमध्ये आरे ते कफ परेड अख्खी भुयारी लाइन सुरू झाली. सासूबाईंनी ती बातमी मोठ्याने वाचून दाखवली, मुद्दाम, मला माहितीये.

ऑक्टोबरपासून एक जुगाड बसवलाय. दर बुधवारी मी त्यांना स्कूटरवर रामवाडीला सोडते. तिथून त्या बिनबदलीच्या गाडीने छत्रपती संभाजी उद्यान, बाहेर मैत्रीण उभी असते, मग बालगंधर्वला काही लागलेलं असेल तर ते, नाहीतर नुसतं बसून गप्पा. पहिल्यांदा गेल्या तेव्हा मी ऑफिस कॉलवर असताना तीन फोन केले, तिसऱ्याला उचलला नाही. संध्याकाळी म्हणाल्या, "दादरला कधी फोन केला होतास का मला?"

माझे मार्क: घर आणि हवा पुण्याला, बाकीचं अजून डोंबिवलीला. अ‍ॅग्रीमेंट ११ महिन्यांचं आहे, एप्रिलमध्ये संपतंय. नवरा म्हणतो इथेच राहू, मुलगा म्हणतो सायकल असेल तिथे राहू, आणि मी गुपचूप रामवाडी स्टेशनच्या चालत्या अंतरावरचे वन बीएचके बघायला सुरुवात केलीय. पूल नसला तरी चालेल.